साठीनंतर मुलांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या: सुरुवात कशी करायची

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बारीक टाइपाकडे बघायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. मी पडले रोज रात्री चार पानं वाचल्याशिवाय झोप न येणारी. भाचीकडे राहायला गेले होते. तिच्या मुलीच्या कपाटात मोठ्या टाइपाची, ऐसपैस समास सोडलेली पुस्तकं होती. त्यातलं एक सहज उचललं. चहाची हाक आली तेव्हा मी 1943 सालच्या कोपनहेगनमध्ये होते, आणि उठले तेव्हा चहावर जाड साय धरली होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात चुकीची पुस्तकं आणली, पैसे वाया घालवले, एका वाचनालयात हसू करून घेतलं. माझ्या वयाच्या कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर निदान त्या खड्ड्यांत पडू नये म्हणून हे लिहिते आहे.

काय काय लागेल

वाचायचा चष्मा, म्हणजे खरोखर वाचायचा, बायफोकलवर ओढाताण नको. एक दोनशे पानी वही, शक्यतो आडव्या-उभ्या रेघांची. पेन्सिल. शाळेतला जुना नकाशासंग्रह घरात असेल तर तो. वाचनालयाचं सभासदत्व, त्यासाठी आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि अनामत रक्कम. बाकी काही नाही. पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका.

1. बालविभागात शिरा

आमच्या भागातल्या एका वाचनालयात बालविभागाचं सभासदत्व वेगळं आहे. मी अर्ज मागितला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, नातवाला घेऊन या, त्याची सही लागते." मी म्हटलं, नातू नाही, मलाच वाचायचंय. तिने मागे वळून कुणाला तरी विचारलं, मग दोघी हसल्या. मी तशीच परत आले. घरी येऊन स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या खेपेला आधी नियम विचारले. बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या सभासदत्वावर बालविभागातलं पुस्तक मिळतं, फक्त कुणी मागत नाही म्हणून कुणाला ठाऊक नसतं. ग्रंथपालांना थेट विचारा. आणि कुणासाठी नेताय असं विचारलं तर खोटं नातवंड उभं करू नका. पुढच्या आठवड्यात त्याची इयत्ता विचारतात.

2. पहिलं पुस्तक पातळ घ्या

माझ्या हाती लागलेलं पुस्तक म्हणजे लोइस लाउरी यांचं 'नंबर द स्टार्स' (1989). दीडशे पानांच्या आतलं, इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. नाझींच्या ताब्यातलं डेन्मार्क, दहा वर्षांची ॲनमेरी आणि तिची ज्यू मैत्रीण एलन. रात्री जर्मन शिपाई दार ठोठावतात तेव्हा एलनच्या गळ्यातली दाऊदच्या ताऱ्याची, म्हणजे ज्यूंच्या धर्मचिन्हाची, साखळी निघता निघत नाही. ॲनमेरी ती हिसडून तोडते आणि मुठीत धरते. शिपाई जाईपर्यंत तिने मूठ इतकी घट्ट आवळलेली असते की तळहातावर ताऱ्याचा ठसा उमटतो. मोठ्यांच्या जाडजूड युद्धकादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात. त्यातलं इतकं नेमकं फार थोडं लक्षात राहिलंय.

सुरुवातीला इंग्रजी वाचणार असाल तर एक सावधगिरी. 'मुलांचं' म्हणजे 'सोपं' असं धरून चालू नका. लाउरी सोप्या आहेत. पण ब्रिटिश लेखिका रोझमेरी सटक्लिफ यांची वाक्यं लांब, वळणावळणाची असतात आणि झाडापाल्याची नावं पदोपदी येतात. त्यांच्यापासून सुरुवात केलीत तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटाल.

3. चरित्र आणि कादंबरी यांत गल्लत करू नका

मराठी दुकानात 'मुलांसाठी ऐतिहासिक' म्हटलं की समोर येतात थोर पुरुषांची छोटी चरित्रं. जन्म, बालपण, पराक्रम, मृत्यू. ती वाईट असतात असं नाही, पण आपल्याला हवं ते हे नव्हे. आपल्याला हवी गोष्ट, जिच्यात राजा लांबून घोड्यावरून जातो आणि आपण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोराच्या खांद्याजवळून त्याला बघतो. मागचं पान वाचा. पहिल्या ओळीतच जन्मतारीख असेल तर ठेवून द्या.

दुसरा सापळा 'संक्षिप्त आवृत्ती'. दोनदा फसले. कथानक असतं, पण कुणी काय खाल्लं, जोडा कुठे चावला, हे सगळं गाळलेलं. या प्रकारच्या पुस्तकात गंमत तिथेच असते.

4. पहिल्या वाचनात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा

हे घडलं होतं का, हा माणूस खरा होता का, हे शोधायला हात शिवशिवतो. शोधू नका. मी तसं करून एक चांगली कादंबरी नासवली. पन्नासाव्या पानावर मला शेवटी कोण मरणार ते कळलं.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाची टीप असेल तर तीही आधी वाचू नका. 'नंबर द स्टार्स'मध्ये ॲनमेरीला पहाटे जंगलातून धावत एक टोपली बंदरावर मामाला पोचवायची असते. आत पाव आणि चीज आणि त्याखाली दडवलेली एक पुडी. पुडीत साधा हातरुमाल. एवढ्याशा रुमालासाठी जीव धोक्यात का घालायचा, हे आपल्यालाही तिच्याइतकंच उशिरा कळायला हवं. शेवटच्या टिपेत लाउरी सांगतात की सशाचं सुकलेलं रक्त आणि कोकेन लावलेले असे रुमाल डॅनिश लोकांनी खरोखर वापरले होते. रक्ताच्या वासाने जर्मनांचा शोधकुत्रा जवळ यायचा आणि कोकेनने त्याचं नाक बधिर व्हायचं. मग बोटीत लपलेली माणसं त्याला सापडत नसत. त्या शरद ऋतूत सात हजारांहून अधिक ज्यू असे समुद्रापार स्वीडनला पोचले. आधी कळलं असतं तर ही नुसती माहिती झाली असती.

5. दुसऱ्या वाचनात खतावणी मांडा

नोकरीची सगळी वर्षं मी हिशेबखात्यात काढली. त्यामुळे ही सवय माझी, पण ती उपयोगी आहे. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: जमा, नावे आणि उचंत. ज्याला पुरावा आहे ते जमा. लेखकाने मनाने घातलं ते नावे. आणि ज्याचा निकाल लागत नाही ते उचंत खात्यात, कुणी पावती आणून देईपर्यंत.

उदाहरण सांगते. सटक्लिफ यांची 'द ईगल ऑफ द नाइन्थ' (1954). रोमन साम्राज्याच्या ताब्यातलं ब्रिटन, इसवी सनाचं दुसरं शतक. मार्कस नावाचा तरुण अधिकारी पहिल्याच लढाईत पायाने अधू होतो. त्याचे वडील नवव्या सैन्यदलात होते आणि ते अख्खं दल उत्तरेला गेलं ते परतलंच नाही. दलाचं मानचिन्ह होतं गरुड. आपल्याकडे जरीपटका जसा, तसा. तो शत्रूच्या हाती राहणं म्हणजे वडिलांच्या नावाला बट्टा. मार्कस लंगडत्या पायाने हेड्रियनच्या भिंतीपलीकडे, म्हणजे रोमनांनी उत्तर सीमेवर बांधलेल्या तटापलीकडे, त्या गरुडाच्या शोधात निघतो, सोबत एस्का. एस्का आधी त्याचा गुलाम असतो, निघण्यापूर्वी मार्कस त्याला मोकळा करतो.

आता खतावणी.

जमा: हेड्रियनची भिंत, 122 साली सुरू झालेली, आजही बरीच उभी. नववं दल, यॉर्कच्या शिलालेखात त्याचा 108 सालचा उल्लेख आहे. मार्कस पलीकडे जातो तो डोळ्याचा वैद्य बनून. हा वैद्य मला लेखिकेची क्लृप्ती वाटला होता. पण रोमन काळातले नेत्रवैद्यांचे छोटे दगडी शिक्के ब्रिटनमध्ये सापडले आहेत. त्यांवर वैद्याचं आणि मलमाचं नाव उलट कोरलेलं असतं आणि मलमाच्या कांडीवर ते दाबायचं. हे कळलं तेव्हा माझ्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब पडत होते. दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं डोळ्यांच्या वैद्याला वाट सोडत, अगदी शत्रूच्या मुलखातसुद्धा, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

नावे: मार्कस, एस्का, त्यांचा लांडग्याचा बच्चा.

उचंत: गरुड. इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरच्या उत्खननात 1866 साली पंख गमावलेला कांस्याचा गरुड सापडला. तो आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. सटक्लिफ यांना कादंबरी सुचली ती या गरुडावरून आणि गायब झालेल्या दलावरून. पुढे अभ्यासकांचं मत बदललं. हा गरुड सैन्याचा नसून एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा. आणि नवव्या दलाच्या खुणा आजच्या नेदरलँड्समध्ये नायमेखनला सापडल्या, म्हणजे ते दल उत्तरेच्या धुक्यात नाहीसं झालंच असं नाही, कदाचित दुसरीकडे हलवलं गेलं.

मग कादंबरी फुकट गेली का? मला आधी तसंच वाटलं आणि मी दोन दिवस ती बाजूला ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं की मी गरुडासाठी वाचतच नव्हते. मी वाचत होते ते एका मुलाचा बापाबद्दलचा संशय कसा फिटतो ते. तो रकाना पुराव्यावर चालत नाही.

हीच पद्धत घरच्या गोष्टीवर वापरून बघा. हिरकणी. शाळेत ऐकलेली गोष्ट: कोजागिरीचा दिवस, रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं मूल. रायगड जमा. हिरकणी बुरूज जमा, जाऊन हात लावता येतो. हिरकणी स्वतः उचंत, तिची गोष्ट दंतकथेतच धरतात. पण साठाव्या वर्षी हीच गोष्ट वाचताना मला वेगळाच माणूस दिसला. दरवाजावरचा पहारेकरी. त्याने नियम मोडला नाही. रडणाऱ्या बाईकडे बघून त्याने काय केलं असेल? आठव्या वर्षी तो मला दिसलाच नव्हता, तेव्हा मी कड्यावरून उतरत होते.

6. नावांची चिठ्ठी करा

हे छोटंसं काम आहे, पण टाळू नका. जुनी गावं नकाशात त्याच नावाने सापडत नाहीत. कॅलिव्हा म्हणजे सिल्चेस्टर, एबोराकम म्हणजे यॉर्क. आपण जसं कोंढाणा आणि सिंहगड मनात आपोआप जोडतो, तसं इथे होत नाही. पहिल्या पानाला एक चिठ्ठी टाचून ठेवा. वाचनालयाच्या पुस्तकाला टाचणी मारू नका, कागद नुसता आत ठेवा.

7. मुलांकडे नाही, मोठ्यांकडे बघा

लहानपणी आपण नायकाच्या वयाचे असतो. आता आपण त्याच्या मामाच्या, मालकिणीच्या, शेजारणीच्या वयाचे आहोत, आणि या पुस्तकांत तीच माणसं लेखकाने फार जपून लिहिलेली असतात.

एस्थर फोर्ब्ज यांची 'जॉनी ट्रेमेन' (1943) घ्या. फोर्ब्ज यांनी आधी बॉस्टनच्या पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या क्रांतिकारकाचं मोठ्यांसाठी चरित्र लिहिलं, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि त्याच अभ्यासातून ही मुलांची कादंबरी आली. अमेरिकी क्रांतीच्या उंबरठ्यावरचं बॉस्टन, चांदीकाम शिकणारा हुशार आणि गर्विष्ठ जॉनी. वितळलेल्या चांदीने त्याचा हात भाजतो, अंगठा तळव्याला चिकटतो. त्या दिवशी रविवार असतो आणि रविवारी काम करणं कायद्याने गुन्हा. म्हणून घरची मालकीण डॉक्टरला न बोलावता सुईणीला बोलावते. मुलाने वाचलं तर तो हातासाठी हळहळतो. मी त्या बाईवर खिळले. तिला मुलाचं वाईट व्हायला नको आहे, तिला दंड भरायचा नाही आणि घरात खाणारी तोंडं पुष्कळ आहेत. अशा बायका मी आमच्या वाड्यात पाहिल्या आहेत.

'नंबर द स्टार्स'मध्ये मोठी माणसं ॲनमेरीला सांगतात की आज घरात बिर्टे आजीचं पार्थिव येणार आहे. अशी आजी कधी नव्हतीच, हे पोरीला कळतं. मामा कबूल करतो, आणि सगळं ठाऊक नसलं की धीर धरणं सोपं जातं, असं काहीसं सांगतो. कोविडच्या काळात मी माझ्या आईला नेमकं हेच करून काही गोष्टी सांगितल्या नव्हत्या. ते पान मी दोनदा वाचलं.

8. खटकलं तर पुस्तक फेकू नका, नोंद करा

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची अमेरिकी प्रेअरीवरची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरची, पुस्तकं अनेकांच्या आवडीची. 1935 सालच्या पुस्तकात मूळ वाक्य असं होतं की त्या मुलखात माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते. म्हणजे इंडियन, अमेरिकेतले मूळ रहिवासी, माणसांत धरलेच नव्हते. 1953 च्या आवृत्तीत 'माणसं' काढून 'वसाहतवाले' केलं. 2018 साली अमेरिकी ग्रंथालयांच्या संघटनेने तिच्या नावाच्या पुरस्काराचं नावही बदललं. मी ती पुस्तकं वाचते. लाकडी घर कसं बांधतात ते तिच्याइतकं बारकाईने फार कमी जणांनी लिहिलंय. पण वहीत त्या पानापुढे तांबडी खूण आहे.

आपल्याकडच्या जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतानाही तांबडी पेन्सिल जवळ असू द्या. सगळ्या मुसलमानांना एका साच्यात ओतणारं, बायकांना फक्त जळायला किंवा ओवाळायला ठेवणारं लेखन पुष्कळ भेटेल.

9. मराठीत कुठे शोधायचं

सरळ सांगायचं तर, मुलांसाठी म्हणूनच लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी मराठीत शोधावी लागते. आमच्या पिढीने दहाव्या-बाराव्या वर्षी मोठ्यांचीच पुस्तकं वाचली. हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' मी सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावर बसून वाचली होती. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. नाथमाधवांच्या स्वराज्यावरच्या कादंबऱ्याही तशाच. नाथमाधवांचं एक सांगण्यासारखं: तरुणपणी शिकारीला गेले असताना ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्यानंतर ते लिहायला लागले. सटक्लिफ यांनाही लहानपणीच सांधेवाताने घेरलं, बरंचसं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. दोघांच्या पुस्तकांत माणसं मैलोन्‌मैल पायी चालतात.

तानाजीची घोरपड मात्र उचंतात टाका. ती पोवाड्यातून आली.

छोटं काही हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक. 1971 पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. ऐतिहासिक कथा सापडतात, चित्रं सुंदर, आणि पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. वेळ लागतो, कारण अंकामागून अंक चाळावे लागतात. मी एका पावसाळ्यात दहा वर्षांचे चाळले. इंग्रजी चालत असेल तर सुभद्रा सेन गुप्ता यांची भारतीय इतिहासावरची मुलांची पुस्तकंही बघा.

आणि आता माझा सध्याचा उद्योग. शरदिंदु बंद्योपाध्याय, व्योमकेश बक्षीचे जनक, 1952 पासून पुण्यात राहत होते. तिथे बसून त्यांनी बंगाली मुलांसाठी कथा लिहिल्या, आणि त्यांचा नायक कोण, तर शिवाजी महाराजांकडे जाऊन मिळालेला सदाशिव नावाचा पोरका मराठी मुलगा. कथांची नावं 'आदिकांड', 'अग्निकांड' अशी. कांड म्हटल्यावर मला आधी घोटाळाच आठवला.

मला बंगाली येत नाही. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक बंगाली वहिनी आहेत, त्यांच्याकडे पुस्तक निघालं. दर गुरुवारी चार वाजता त्या वाचतात आणि वाक्यावाक्याला हिंदीत सांगतात. मी मधूनमधून नकाशात बोट ठेवून किल्ले दाखवते. परवा त्यांनी विचारलं की तोरण्यावर गाडी जाते का. मी म्हटलं, गाडी नाही, पायीच चढावं लागतं, आणि वाट दमवणारी आहे. त्या चष्मा काढून थोडा वेळ विचार करत बसल्या, मग म्हणाल्या, "तो फिर दिसंबर में चलेंगे, ठंड में."